सावडीचं पान

सर गोधडी पांघरून शिकवत. हे मी गमतीनं म्हणत नाही. मे महिन्यातली दुपार, वर तापलेले पत्रे, आणि भूगोलाचा पन्नाशी उलटलेला प्राध्यापक कॉटवर मांडी घालून, डोक्यावरून गोधडी घेऊन बसलेला. आत एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात माइक, मांडीवर टिपणांची वही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माणसाला थंडीताप भरलाय. गोधडीतून आवाज यायचा, "आता सांगा, आपल्याकडच्या नद्या एवढ्या आखूड का?" खोलीत आवाज घुमतो आणि गोधडीत घुमत नाही, हा त्यांनी स्वतः लावलेला शोध होता. पाठ संपला की गोधडी बाजूला सारत आणि घामानं निथळत मला पहिला प्रश्न विचारत, "कोंबडा आला का गो मधे?"

कोंबडा हमखास आलेला असे. शेजाऱ्यांचा तो कोंबडा भर दुपारी आरवायचा. चार-पाच वेळा पाठ पुन्हा केल्यावर सरांनी हात टेकले आणि प्रत्येक पाठाची सुरुवात एका सूचनेनं करायला लागले. "मी बोलतोय. मधे कोंबडा ओरडला तर तो अभ्यासक्रमात नाय."

सरांवर लिहा, असं कॉलेजातल्या लोकांनी मला बरेचदा सुचवलं. तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी, पुढे त्यांच्या सहकारी, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं, वगैरे. मी दरवेळी वेळ नाही म्हणून सांगितलं. वेळ भरपूर होता. सरांवर लिहायचं तर एका शनिवारी मी काय केलं तेही लिहावं लागणार, आणि ते मला नको होतं.

शहापूरच्या आमच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली शिकले ती नव्वदच्या दशकात. तेव्हाही ते विक्षिप्त म्हणूनच प्रसिद्ध होते. उंच, किडकिडीत, शर्टाची बाही नेहमी खडूनं पांढरी. हातात तीन खणांचा स्टीलचा डबा. त्यात खालच्या खणात भाकरी, मधल्यात खडू आणि वरच्यात कॅसेटी. पुढे कॅसेटींची जागा सीड्यांनी घेतली, डबा तोच राहिला. सरांची सीडी संगणकात घातली की खोलीभर लसणाच्या चटणीचा वास सुटायचा. एकदा भाकरीचा तुकडा आत जाऊन यंत्र बंद पडलं तेव्हा प्राचार्यांनी लेखी विचारणा केली. सरांनी लेखी उत्तर दिलं, "तुकडा नाचणीचा होता."

कॅसेटींचं वेड त्यांना का लागलं, ते ते स्टाफरूममध्ये येईल त्याला ऐकवत. सापगावच्या पलीकडे जाणारी संध्याकाळची एक एस.टी. महामंडळानं बंद केली. शेवटचा तास सोडून निघालं तरी मुलींना घरी पोचायला अंधार व्हायचा. "एक गाडी बंद झाली आणि माझ्या वर्गातल्या सहा मुली बंद झाल्या," असं ते म्हणत, आणि समोरचा काय बोलतो याची वाट न बघता उठून जात. त्या सहाजणींसाठी त्यांनी घरी पाठ बोलून कॅसेटी भरल्या आणि सकाळच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर गावोगाव धाडल्या. मुलींनी ऐकायचं, आणि उलट्या बाजूला आपले प्रश्न बोलून कॅसेट परत पाठवायची. दोन वर्षं हा उद्योग चालला. हळूहळू एकेक कॅसेट परत यायची थांबली. एक आली, तिच्या उलट्या बाजूला प्रश्न नव्हता. लग्नातला बँड वाजत होता आणि मधेच बायकांचा गलका ऐकू येत होता. सरांनी ती कॅसेट पुन्हा वापरली नाही, पुसलीही नाही.

मी शहापूरचीच, घर कॉलेजपासून दहा मिनिटांवर, त्यामुळे माझं शिक्षण कुठल्या गाडीवर अवलंबून नव्हतं. एम.ए. करून मी त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला आले, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितक्यापुरती मी प्राध्यापक, बाकी वेळ कुणी नाही. अशी मी सात वर्षं काढली. त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत आमच्याकडे ऑनलाइन वर्ग सुरू झाला. विद्यापीठाची योजना होती, प्राचार्यांना ती कागदावर हवी होती आणि सरांना खरोखर हवी होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, ज्यांना रोज कॉलेजात येणं जमत नाही अशांसाठी. सर समन्वयक आणि मी त्यांची सहायक.

अकराजण आले. मुरबाडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे चौघे, भातसानगरच्या वसाहतीतल्या दोघी, बाकी शेतीवाडीतले. कुणाच्याच घरी संगणक नव्हता. मुरबाडच्या स्टँडजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात दोन संगणक होते आणि आमच्या कॉलेजात चार. वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि असली तरी एक चित्र पडद्यावर पूर्ण उतरायला इतका वेळ लागे की माणूस चहा पिऊन यावा. सरांनी या सगळ्याचा राग कधी केला नाही. त्यांनी फक्त पानं हलकी केली. आधी फळ्यावर खडूनं चित्र काढायचं, मग त्याचा फोटो, मग तो लहान करून पानावर, आणि पानावर सातापेक्षा जास्त शब्द नाहीत. खाली त्यांचा गोधडीतला आवाज. इतकंच. मुंबईकडच्या एका कॉलेजानं बनवलेले चकचकीत पाठ विद्यापीठानं आम्हाला नमुन्यादाखल पाठवले होते, त्यात अक्षरं गिरक्या घेत येत. सरांनी ते एकदा पाहिले आणि विचारलं, "ही अक्षरं कधी बसणार गो?"

प्रत्येक पानाची परीक्षा त्यांच्या बायकोकडे असे. काकूंना तरुणपणी कसल्याशा तापात बहिरेपण आलं होतं. बोलायच्या नीट, ऐकू काही येत नसे. सर त्यांना संगणकापुढे बसवत आणि पान दाखवत. नुसत्या चित्रावरून काकूंना कळलं तर पान पास. नाही कळलं तर फळा पुसून पुन्हा. एकदा धरणाच्या पाठाचं पान होतं. एका बाजूला भातसाचं पाणी, तिथून निघालेला जाडजूड पाइप लांब मुंबईच्या इमारतींकडे गेलेला, आणि पाइपाच्या खालून डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या बायका. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्याकडं नाय का येत?" सरांनी त्या पानावर एकही शब्द घातला नाही. भातसानगरच्या दोघींनी ते पान आपापल्या घरी दाखवलं म्हणे. एकीच्या नवऱ्याला ते आवडलं नाही, तो धरणावरच नोकरीला होता.

संगणकाचे इंग्रजी शब्द त्यांनी वर्गात चालू दिले नाहीत. मेल म्हणजे टपाल. फाइल पाठवणं म्हणजे वर चढवणं, घेणं म्हणजे खाली उतरवणं. मुरबाडच्या झेरॉक्सवाल्याला अकराजणांनी मिळून हे शब्द शिकवले, तो बिचारा इतर गिऱ्हाइकांनाही "काय उतरवायचंय?" विचारायला लागला. हजेरीवरही सरांचा विश्वास फार. प्रत्येक पाठाच्या शेवटी ते अकरा नावं वाचत आणि प्रत्येक नावानंतर थांबत, समोर बसलेलं माणूस 'हजर' म्हणेल इतका वेळ. हे ऐकू कुणाला जाणार, असं मी विचारलं. त्यांचं म्हणणं, ऐकू जायला नाय, म्हणायला असतं. आणि मंडळी म्हणतही. कानाला हेडफोन लावून दुकानात बसलेला एखादा कामगार मधेच मोठ्यानं 'हजर सर' म्हणाला की झेरॉक्सला आलेले लोक वळून बघत.

आता सावडीचं सांगते. पुढचं सगळं त्या एका शब्दानं झालं.

इंटरनेटवर तेव्हा नवी सोय आली होती. एक पान, ते सगळ्यांचं, ज्याला वाटेल त्यानं उघडावं, त्यात लिहावं, दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारावं. विद्यापीठाच्या पत्रकात त्याला भलंमोठं नाव होतं. सरांनी ते बाजूला ठेवलं आणि गोधडीतून सांगितलं, "ही सावड आहे. लावणीला जशी करता तशी. आज याच्या खाचरात सगळे, उद्या तिच्या." आमच्याकडे भाताची लावणी एकट्या घराला उरकत नाही. म्हणून चार घरं मिळून आळीपाळीनं एकमेकांच्या खाचरात राबतात, कुणी कुणाला मजुरी देत नाही. तीच सावड. इतके दिवस बिचकणाऱ्या त्या अकराजणांना पान एका वाक्यात कळलं. एकाचा प्रश्न घ्यायचा, सगळ्यांनी त्यात उतरायचं, मग दुसऱ्याचा.

अडचण एकच होती. दोघं एका वेळी लिहायला लागले की नंतर जतन करणाऱ्याचं राहायचं आणि आधीच्याचं पुसलं जायचं. सरांनी त्यावर तोडगा काढला तो असा, की लिहिण्याआधी कॉलेजच्या फोनवर सांगायचं "उतरतोय" आणि झालं की सांगायचं "निघालो". फोनशेजारी वही ठेवली होती, त्यात मी नोंद करायची. एकदा मी जागेवर नसताना फोन प्राचार्यांनी उचलला. पलीकडून कुणी "सर, उतरतोय" म्हणालं आणि फोन ठेवला. प्राचार्यांनी घाबरून शिपायाला कॉलेजच्या विहिरीकडे पिटाळलं.

त्या पानावर मी जे वाचलं ते मी माझ्या नेहमीच्या वर्गात सात वर्षांत कधी वाचलं नव्हतं. पाळी संपवून आलेला माणूस दोन ओळी टाकून जायचा, त्याखाली भातसानगरच्या बाईंनी तिसरी जोडलेली असायची. आणि या सगळ्यांत बुधीताईचं लिहिणं वेगळं. म्हशाच्या वरच्या अंगाला एका ठाकरवाडीत ती अंगणवाडी चालवायची. अडतिशीला आलेली, दोन मुलं, नवरा आजारी. आठवड्यातून दोनदा डोंगर उतरून म्हशाला आणि तिथून गाडीनं मुरबाडला यायची. एका बोटानं एकेक अक्षर शोधून लिहायची, पण लिहिलेलं खोडावं लागत नसे. तिला पदवी कशासाठी हवी होती ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अंगणवाडी सेविकांमधून पर्यवेक्षिका नेमणार होते. पदवी लागत होती, आणि त्या ऑगस्टनंतर तिचं वय अटीत बसणार नव्हतं. "गनपतीच्या आत कागद हातात पायजे म्याडम," एवढंच ती दर फोनला म्हणायची. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑगस्टच्या शेवटच्या तारखेला लाल गोल केला होता. त्यात नाव लिहायची गरज नव्हती.

वर्षाच्या शेवटी प्रकल्प आला. सहा प्रश्न, आपल्या गावातली जमीन, पाणी, जंगल यांवर. प्रत्येकानं स्वतंत्र लिहून द्यायचा. सरांनी शेवटच्या पाठात सांगितलं ते माझ्या कानात अजून आहे. "प्रकल्प ज्याचा त्याचा. अडलात तर सावड आहेच."

दुसरं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. विद्यार्थ्यांना धीर द्यायला ते बोलले. पण लावणीच्या सावडीतही खाचर ज्याचं त्याचंच असतं, म्हणून तर सावड लागते. अकराजणांनी ते तसंच घेतलं. सहा प्रश्न आपसात वाटून घेतले, ज्याला जे येतं ते त्यानं सगळ्यांसाठी लिहिलं, आणि मग प्रत्येकानं सहाही उत्तरं आपल्या फाइलीत घेतली. वर स्वतःचं नाव. आणि शेवटच्या पानावर, कुणी न सांगता, 'सावडीत आलेले' असं लिहून खाली अकरा नावं आणि कुणी कोणता प्रश्न लिहिला ते.

फाइली माझ्याकडे आल्या. तो शनिवार होता, आणि पाकीट त्याच दिवशी विद्यापीठाकडे निघायला हवं होतं. काकूंचं पोटाचं ऑपरेशन होतं म्हणून सर तीन दिवस ठाण्याला दवाखान्यात होते. जाताना ते मला म्हणाले होते, "एकदा नजर घाल आणि पाठव." मी वाचायला बसले. चौथ्या फाइलीपाशी माझ्या लक्षात आलं. मी पाचवी उघडली, सहावी उघडली. तेच. शेवटच्या पानावरची यादीही वाचली. काय झालंय ते मला तिथल्या तिथे कळलं, अगदी शब्दन् शब्द कळलं, कारण ते दुसरं वाक्य सर बोलले तेव्हा मी खोलीत होते.

सरांजवळ मोबाइल होता. माझ्याकडे नंबर होता. एक फोन केला असता तर त्यांनी अकराजणांना टपाल पाठवलं असतं, विद्यापीठाकडून आठ दिवस मागून घेतले असते, फार तर प्राचार्य चार शब्द बोलले असते. मी तो फोन केला नाही. सोमवारी माझी मुलाखत होती. सात वर्षांनी पक्क्या जागेची जाहिरात निघाली होती आणि मुलाखत घेणाऱ्यांत प्राचार्य होते. शनिवारचं पाकीट गेलं नाही, त्यात घोळ आहे, आणि घोळ सहायक समन्वयक बाईंच्या वर्गात आहे, हे त्यांना सोमवारी सकाळी माहीत असावं असं मला वाटलं नाही. मी स्वतःला सांगितलं की सरांनीच असं करायला सांगितलं असेल, आपण कोण बोलणारे. मग सीडी भरली, पाकिटात घातली आणि शिपायाच्या हाती दिली. मला नोकरी हवी होती, आणि ती मिळाली.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. अकराही निकाल रोखले होते. सामूहिक कॉपी. चौकशीला दोघं जण येणार होते.

ते जूनमध्ये आले. प्राचार्यांच्या खोलीत टेबलामागे ते दोघे, बाजूला सर, भिंतीशी मी. विद्यार्थ्यांना एकेक करून आत बोलावलं. कारखान्यातली मुलं घाबरून काहीबाही बोलली. बुधीताई आली ती पदर खोचून, उभीच राहिली.

"हे सगळं तुम्ही लिहिलंत?" त्यातल्या वयस्कर साहेबांनी विचारलं.

"तिसरा सवाल माजा हाय. जंगलाचा. बाकीचे सावडीचे."

"म्हणजे दुसऱ्याचं उतरवलं. याला कॉपी म्हणतात बाई."

"कॉपी लपून करतात साहेब. आमी नावं लिवल्यात."

"सावड म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या खाचरात आमी येतो, आमच्या खाचरात तुमी. भात ज्याच्या त्याच्या घरी जातं. तेला कोन चोरी नाय म्हनत."

धाकटे साहेब हसले, पण वाईट माणूस नव्हता तो. त्यानं सरळ सांगितलं की विद्यापीठाच्या नियमात दोनच रकाने आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या मनानं केलं असेल तर ती कॉपी, सगळ्यांचं वर्ष गेलं. शिक्षकानं करायला लावलं असेल तर दोष शिक्षकाचा, मुलांना पुन्हा लिहायची संधी. तिसरा रकाना नव्हता. एक शब्द दोघांनी दोन तऱ्हेनं समजून घेतला, यासाठी कुठे जागाच नव्हती.

सरांनी कागद मागितला. खडूच्याच हातानं सावकाश लिहिलं की विद्यार्थ्यांनी जे केलं ते माझ्या स्पष्ट सूचनेवरून, ती सूचना चुकीची होती, जबाबदारी माझी आहे. खाली सही केली. बुधीताई दारातच उभी होती. ती म्हणाली, "सर, चुकीचं नवतं ना पन?" सरांनी मान वर केली नाही. ते "हो बाय, चुकलं" म्हणाले. तिचा चेहरा मी त्या वेळी बघितला. तिची बाजू घेऊन बोलणारं त्या खोलीत एकच माणूस असू शकत होतं, आणि त्यानंच तिला खोटं पाडलं, असं तिला वाटलं. तसं तिला वाटल्याशिवाय तिचं वर्ष वाचणार नव्हतं.

वयस्कर साहेबांनी शेवटी विचारलं, "पाठवण्याआधी या फाइली कुणी पाहिल्या नव्हत्या का?"

सर म्हणाले, "पाहिल्या असत्या तर अशा गेल्या असत्या का?" आणि साहेबांनी वही मिटली. सर मला वाचवताहेत असं मला वाटलं नाही. मला वाटलं, त्यांना खरंच माहीत नाही. तसं मानणं मला सोयीचं होतं.

पुढचं लवकर सांगते. पुन्हा लिहायचं ते कॉलेजात, पहाऱ्याखाली, वेगवेगळ्या बाकांवर बसून. तारीख आली ऐन लावणीत. सगळे आले, अकराही. त्यांतले काही थेट खाचरातून आले होते. सगळे पास झाले. बुधीताईला तर चांगले गुण पडले. निकाल लागला तो सप्टेंबरात, गणपती पोचवून झाल्यावर. तिच्या वयाची मुदत टळून गेली होती. ती कुठे कुठे अर्ज घेऊन गेली, मुरबाडला गेली, ठाण्याला गेली. सगळीकडे तारीख बघून तिला परत पाठवलं. ती आजही त्याच वाडीत अंगणवाडी चालवते.

ऑनलाइन वर्ग बंद झाला. चार संगणक प्रवेशाच्या कामासाठी ऑफिसात गेले. सरांची दोन वर्षं उरली होती. ती त्यांनी नेहमीच्या वर्गात फळ्यावर शिकवून काढली. त्यानंतर त्यांनी एकही पाठ रेकॉर्ड केला नाही. मी एकदा विषय काढला तेव्हा म्हणाले, "आता बघायला कोण आहे?" काकू त्या ऑपरेशननंतर वर्षभरच होत्या.

निवृत्त झाल्यावर सर आपल्या गावी राहायला गेले. गाव म्हशाच्या अलीकडे, रस्त्याला लागून. चार-पाच वर्षांनी एका रविवारी मी तिथे गेले. का गेले म्हणाल, तर झोप येईना म्हणून. दारात खाटेवर बसून ते कुणाचा तरी मोबाइल दुरुस्त करत होते. खूप वाळले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, स्वतः उठून चहा केला. मी कप हातात घेतला आणि पाठ केलेलं वाक्य बोलले. "सर, त्या शनिवारी मी फाइली पाहिल्या होत्या. सगळ्या एक आहेत हे मला कळलं होतं."

"माहीत आहे," सर म्हणाले.

ते मोबाइलचं झाकण लावत सावकाश बोलत राहिले. "चौकशीआधी मी फाइली उघडून बघितल्या. पाटबंधारे हा शब्द त्या पोरांनी चुकवला होता. मूळ पानावरच चुकला होता, म्हणजे अकरा फाइलींत चुकायला हवा. पहिल्या तीनमध्ये तो बरोबर होता. चौथीपासून पुन्हा चूक. कुणीतरी वाचत सुधारत गेलं, आणि चौथीला थांबलं."

शब्द सुधारल्याचं मी स्वतः विसरून गेले होते. बाईची सवय, चुकलेलं दिसलं की हात जातो. "तुम्ही तेव्हा बोलला का नाही?" मी विचारलं.

"बोलून तुझी नोकरी गेली असती. बुधीचा निकाल काय लवकर लागला असता?"

मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटलं. माफी मिळाली असं वाटलं. सरांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "बुधीला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस गो? ती माझ्याशी बोलत नाय. या रस्त्यानं जाते, वर बघत नाय. वाडी इथनं अर्ध्या तासावर आहे." त्यांनी हातानं डोंगराकडची वाट दाखवली. आवाजात राग नव्हता. त्यांनी माझ्याकडे उभ्या जन्मात मागितलेली ती एकच गोष्ट, आणि तीही मागितल्यासारखी नाही.

मी हो म्हटलं. जाते म्हटलं. रस्त्यावर आले तेव्हा मुरबाडची गाडी येताना दिसली. पुढची गाडी कधी, ते मला माहीत नव्हतं. मी हात केला.

सर त्याच वर्षी थंडीत गेले. बातमी मला दहाव्यानंतर कळली. त्यानंतर काही महिन्यांनी मुरबाडच्या स्टँडवर बुधीताई भेटली. तिनंच मला ओळखलं, लेकीला पुढच्या शिक्षणासाठी कुठे घालू म्हणून विचारलं. बोलता बोलता सरांचा विषय निघाला.

"मानूस वाईट नवतं म्याडम," ती म्हणाली. "पन माजी नोकरी तेंच्यापायीच गेली. व्हय का नाय?"

मी "हो" म्हणाले.